उजवा हात पाठीमागं

दाजी, मशीन चालू झालं.

बातमी पहिल्या वाक्यात सांगून टाकायची आणि तपशील मागून द्यायचा, ही माझी नोकरीतली सवय. तुम्हाला ती कधी पटली नाही. "आवं संपादक, पहिल्याच ओळीत समदं सांगून टाकलं तर मानूस पुढं कशाला वाचंल?" असं तुम्ही म्हणायचा. मी संपादक कधीच नव्हतो. उपसंपादक म्हणून लागलो आणि जवळपास तसाच निवृत्त झालो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरी कुंडलच्या स्टँडवर चारचौघांत ओळख करून देताना तुम्ही हटकून 'आमचं मेव्हणं, संपादक' म्हणायचा आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायचा.

तर या वेळी तुमच्या पद्धतीनं सांगतो. मशीन चालू झालं. घंटा वाजतात, आकडे फिरतात, दिवे लागतात, डावा हात पूर्वीसारखा फटका मारतो. उजव्याचं शेवटी.

तुमच्या तेराव्याला आलेल्या एका पाहुण्यांना या मशीनबद्दल काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं, की पिनबॉल म्हणजे पायांवर उभी केलेली एक उतरती फळी, वर काच. स्प्रिंगच्या दांड्यानं पोलादी गोळी वर मारायची. ती छत्र्यांवर, खुंट्यांवर आपटत खाली येते आणि प्रत्येक आपटीला गुण मिळतात. तळाशी दोन आखूड दांडकी असतात. दोन्ही बाजूंच्या बटणांनी ती उडवायची आणि गोळी परत वर पाठवायची. दांडक्यांच्या मधून गोळी निसटली की डाव गेला. आमच्या दाजींच्या घरात त्या दांडक्यांना हात म्हणतात आणि खेळायचं ते फक्त डाव्या हातानं.

"एकाच हातानं का?" पाहुण्यांनी विचारलं.

"उजवा जळालाय," मी म्हणालो. तुम्ही तीस-एक वर्षं प्रत्येकाला जे सांगत आलात, तेच. या हिवाळ्यापर्यंत मी ते कधी तपासलं नव्हतं. दुसऱ्याच्या बातमीतलं गावाचं नावसुद्धा दोनदा विचारून घेणारा माणूस मी.

ते मशीन तुम्हाला महाबळेश्वरात सापडलं. तिथल्या एका हॉटेलच्या पंपाची मोटार जळली होती आणि कुंडलात मोटारी भरून देणारा, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळून देणारा, एक माणूस आहे, एवढ्या ओळखीवर त्यांनी तुम्हाला बोलावलं. मोटार जिन्याखालच्या खोलीत होती. तिच्या शेजारी ताडपत्रीखाली ही चीज. मालकाला ती खोली रिकामी करून हवी होती. तुम्ही मोटार दुरुस्त केली आणि स्ट्रॉबेरीचे खोके सांगलीला नेणाऱ्या टेम्पोत मशीन घालून घरी आलात. मशीन परदेशी, आपल्या विजेवर चालणारं नव्हे. ते समजल्यावर तुम्ही त्याच्यासाठी एक ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळलात. पाटाएवढा. तो अजून गरम होत नाही.

मशीनच्या उभ्या काचेवर सर्कशीचं चित्र होतं. झोक्यावरची मुलगी, खाली सिंह. सिंहाच्या तोंडाचा रंग उडालेला. तो तुम्ही ऑइलपेंटनं भरलात आणि नंतर सगळ्या गावाचं एकमत झालं, की सिंह तुमच्या धाकट्या चुलत्यांसारखा दिसतो. चुलते रागावले. तरी रोज संध्याकाळी खेळायला येत राहिले.

तुमच्या दुकानामागच्या खोलीत ते मशीन होतं. कॉइलला देतात त्या वार्निशचा वास, भिंतीला टेकवून ठेवलेल्या पंपांच्या मोटारी आणि मधोमध दिव्यांची सर्कस. नियम तुम्ही घातला होता. उजवा हात पाठीमागं. खेळणारा कोणी असो, त्यानं उजवा हात कमरेमागं न्यायचा आणि डाव संपेपर्यंत पुढं आणायचा नाही. मोकळ्या उजव्या हातानं मशीन ढकलून गोळी वळवता येते, ती लबाडी चालायची नाही. ढकलायचं तर कमरेनं. जास्त ढकललं की आतला लोलक तारेला लागतो, सगळे दिवे जातात आणि डाव रद्द होतो. त्याला आपल्याकडं 'मशीन रुसलं' म्हणतात. मी आयुष्यात सर्वाधिक वेळा मशीन रुसवलं, असं तुमचं म्हणणं होतं. ते खरं असावं.

आणि या खेळात आक्का कोणालाही ऐकायची नाही.

आक्काबद्दल तुम्हाला काय सांगणार. पण हा कागद उद्या कोणाच्या हाती पडला, तर वाचणाऱ्याला कळायला हवं. माझी थोरली बहीण. लग्नाआधी, आमच्या घरच्या कडबाकुट्टीत वैरण सारताना तिच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. आपल्याकडं जे काही चांगलं असतं ते उजव्या हातानं द्यायचं आणि उजव्या हातानं घ्यायचं. प्रसाद, ओटी, हळदीकुंकू, पाहुण्यांना पाणी. आक्का डाव्या हातानं चपळ होती. लिहायची, विळीवर चिरायची, म्हशीची धार काढायची. पण चार बायका जमल्या, की तिचा उजवा हात पदराखाली जायचा आणि ती स्वतः स्वयंपाकघरात. तुम्ही बघायला आलात तेव्हा चहाचा कप तिनं डाव्या हातानं पुढं केला. तुमच्या मावशीनं भुवया उंचावल्या. तुम्ही तो डाव्या हातानंच घेतला. आमच्या घरात हा प्रसंग अनेकदा सांगितला गेला आहे. तुम्ही दर वेळी तो खोडून काढायचा. "उजव्या हातात लाडू हुता माझ्या," म्हणायचा.

मशीनसमोर मात्र ती सगळ्यांसमोर उभी राहायची. उजव्या हातात पदराचं टोक धरून तो कमरेमागं न्यायची. तिच्या शेजारी पुढच्या डावाला उभे असलेले तुम्ही, तुमचाही उजवा हात पाठीमागं, सदऱ्याचं टोक धरलेला. मागून पाहिलं तर दोघं सारखीच उभी दिसायची. ती जिंकली, की मागं वळून म्हणायची, "चला, पुढचं कोन?" हा आवाज तिचा स्वयंपाकघरातला नव्हता.

निवृत्तीनंतर मी ते मशीन दुरुस्त करायचं ठरवलं, तेव्हा ते किती तरी दिवस बंद पडून होतं. तुमचे हात कापायला लागले होते. वायरींना सोल्डरचा डाग देताना कथील भलतीकडं पडायचं, त्यामुळं तुम्ही दुकानही आवरतं घेतलेलं. मी म्हणालो, साताऱ्याला माझ्याकडं गाडी नसलेलं गॅरेज आहे. तुम्ही हसलात. "तुमी दुरुस्त करनार? बल्ब बदलाया वायरमन बोलवतासा तुमी." पण मशीन पाठवलंत. आणि रविवारी एसटीनं स्वतः येऊ लागलात. आक्कानं दिलेला डबा घेऊन, माझ्या गॅरेजातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा आणि काम बघायचा.

पहिली चूक तेलाची. मला वाटलं, जुनं यंत्र, सगळीकडं तेल द्यावं. दिलं. आठवड्यानं निम्मे भाग चिकटून बसले. तुम्ही फळी उचलून खाली बघितलंत, बोटाला तेल लावून वास घेतलात. "संपादक, ह्ये मशीन हाय. भजी न्हवं." दुसरी चूक वायरींची. खुणा न करता चार वायरी सोडल्या आणि अंदाजानं परत जोडल्या. वीज दिली तर घंटा सुरू झाली ती थांबेना. शेजारच्या वहिनी कुंपणावरून विचारू लागल्या, की आज कसली आरती. तुम्ही खुर्चीत इतके हसलात, की मला आधी तुम्हाला पाणी द्यावं लागलं आणि मग प्लग काढावा लागला.

हळूहळू जमू लागलं. स्विचच्या पात्यांवरचा काळा थर काढायला कागद हवा, जाडसर आणि किंचित खरखरीत. ते काम घरात साठलेल्या लग्नपत्रिकांनी केलं. तुम्ही पत्रिकेच्या पट्ट्या कापून द्यायचा आणि देण्याआधी मोठ्यानं वाचायचा. "ह्येंच्यात जेवान काय बरं न्हवतं. ह्यो पोरगा आता पुन्याला असतो. ह्येंचं मोडलं." पट्टी संपली की पुढची. विझलेल्या दिव्यांच्या जागी नवे आले. वाळलेल्या रबराच्या जागी सायकलच्या ट्यूबच्या चकत्या बसवल्या, ती युक्ती तुमची. एका रविवारी गोळी पहिल्यांदा वरच्या छत्रीला लागली, घंटा वाजली आणि आकडा पुढं सरकला. तुम्ही उठून उभे राहिलात. डबा उघडून मला भाकरीचा अर्धा तुकडा दिलात.

मग राहिला उजवा हात.

मी वायरी-कॉइली तपासायचा मीटर आणला होता. नव्यानं शिकणाऱ्याला मीटरचं भारी कौतुक असतं. उजवा हात उडवणारी तारेची कॉइल तपासली. ती शाबूत होती. डाव्या कॉइलला जेवढं माप, तेवढंच उजव्या. मी तुम्हाला म्हणालो, "दाजी, जळालेली नाही ही."

"मग मीटर खोटा असंल."

"डाव्याला खरा आणि उजव्याला खोटा?"

"जुनं हाय समदं. नगा नादाला लागू. एका हातानं खेळतोयच की आपुन."

पुढचे कितीतरी रविवार आपला हाच वाद होता. माझं म्हणणं साधं होतं. दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती, अर्धी ठेवायची असेल तर करायचीच कशाला? वस्तू ज्या रूपात बनली, त्या रूपात परत उभी करावी. तुमचं म्हणणं दर वेळी बदलायचं. कधी वीज झेपणार नाही, कधी फळीला तडा जाईल, कधी पोरं दोन्ही हातांनी बडवून मशीन मोडतील. कॉइल ठीक आहे तर खोट वायरीत असणार, हे मलाही आता कळत होतं. सगळ्या वायरींचा जुडगा तुम्ही मोटारीच्या गुंडाळीला बांधतात तसा मेणाच्या दोऱ्यानं बांधला होता, गाठीमागून गाठ, सगळ्या एका अंतरावर. मी म्हणालो, हा दोरा सोडून बघतो.

"त्यो सोडायचा न्हाई."

"का?"

"सांगितलं न्हवं."

इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर आवाज चढवला तो तेवढाच. मीही चढवला. मी म्हणालो, की गावातल्या प्रत्येक विहिरीवरची मोटार भरलेला माणूस मुठीएवढी कॉइल इतकी वर्षं का भरत नाही, हे मला आता समजून घ्यायचं आहे. तुम्ही डबा पिशवीत घातलात. दारात थांबलात.

"माझ्या माघारी करा काय करायचं त्ये."

स्टँडपर्यंत सोडायला आलो. नेहमीप्रमाणं खिडकीची जागा धरून दिली. नेहमीप्रमाणं तुम्ही हात केला नाहीत, कारण तुम्ही कधीच करायचा नाही. पुढच्या रविवारी तुम्ही आला नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारच्या आत आम्ही सगळे कुंडलला होतो.

दाजी, भांडण मिटलं नाही याचं मला फार वाईट वाटत नाही. भांडण चालू असलेला माणूस गेला असं वाटतच नाही. मला वाईट वाटतं ते परवानगी दिल्यासारखं बोलून गेलात त्याचं. जे करू नका म्हणून तुम्ही सगळा हिवाळा अडून बसलात, ते करायला मी आता मोकळा होतो. आणि करू की नको हे विचारायला तुम्ही नव्हता.

तेरावा झाल्यावर रीतीप्रमाणं आक्काला मी माहेरी म्हणून साताऱ्याला घेऊन आलो. दोन दिवस तिनं माझी भांडी पुन्हा घासली, माझ्या बायकोनं घासू दिली. तिसऱ्या दुपारी मी गॅरेजात गेलो आणि दोरा सोडला.

गाठी सोडायला वेळ लागला. कापल्या असत्या तर क्षणात झालं असतं, पण कापवल्या नाहीत. आत, उजव्या बटणाकडून येणारी एक वायर होती. ती तुटलेली नव्हती, जळालेली तर नव्हतीच. ती कापलेली होती. स्वच्छ, एका घावात. दोन्ही टोकं दुमडून त्यांवर काळी पट्टी गुंडाळलेली, गुंडाळी अगदी सपाट, आणि वरून तुमचा दोरा. कोणाला कधी दिसू नये अशा जागी इतकं नीटनेटकं काम तुमच्याशिवाय कोण करणार?

का, ते मला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा मी तुमच्या खुर्चीत बसलो होतो. डोळ्यांपुढं मशीनसमोरची तुम्ही दोघं होतात, मागून सारखी दिसणारी. ज्या घरात सगळं उजव्या हातानं चालतं, तिथं तुम्ही एक खोली अशी केली होती, की जिच्यात उजवा हात कोणालाच लागू नये.

आक्काला सांगावं की नाही, याचा मी संध्याकाळपर्यंत विचार केला. ही बातमी माझी नव्हती. चहाच्या वेळी सांगितलं.

ती बशीत चहा ओतत होती. ओतत राहिली.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"पहिल्या दिसापास्नं. मशीन पहिल्यांदा चालू झालं त्या सांजंला मी च्या घिऊन गेले हुते. दारातनं बघितलं. दोनी हात फडफडत हुतं त्येचं, कोंबडीगत. ह्यास्नी मी दिसलेच न्हाई. दुसऱ्या दिवशी मला खेळाया बोलवलं तवा म्हनले, रातीत एक जळाला बघ." ती थोडी हसली. "मोटारीवाल्याच्या घरात मशीन रातीत जळतंय आनि सकाळच्याला वासबी येत न्हाई."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? एवढ्या हौसंनं केलेलं त्येंनी."

मी म्हणालो, की दाजींचं बरोबरच होतं. दोन हातांचा खेळ तुला जमला नसता.

आक्कानं बशी खाली ठेवली. "का जमला नसता? बटान दाबायचं तर हाय. दर भाऊबीजंला तुला टिळा लावते ती कशानं रं, बाळू? अंगठ्यानंच न्हवं?"

तुमच्या लग्नाआधीपासून दर दिवाळीला तो अंगठा माझ्या कपाळावर टेकला होता. तुमच्याही डोळ्यांदेखत. वायर कापताना तुमच्या तो लक्षात आला नाही, पुढं माझ्याही आला नाही. तिची तीन बोटं गेली एवढंच आपण दोघं मोजत राहिलो.

"त्येंनी इचारलं असतं तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "न्हाई इचारलं. आनि मी तर जिंकतच हुते की."

"मुद्दाम हरायचे का ग ते?"

"तुजा दाजी? मुद्दाम?" आता ती मोकळी हसली, तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. "हरलं की जेवताना तोंड वाकडं. आमटी खारट, भात कच्चा. एकदा तर म्हनले, तू सवय हाय म्हनून जिंकतीस, ह्येला काय जिंकनं म्हनत्यात व्हय!"

मग म्हणाली, "जोड बघू ती वायर. माझ्यादेखत जोड."

जोडली. माझा डाग तुमच्यासारखा नाही, पण विजेला चालला. उजवं बटण दाबलं आणि इतक्या वर्षांचा निजलेला हात ताडकन उठला. आक्का दचकली. पदर खोचून ती पुढं आली आणि दोन्ही हात मशीनच्या दोन्ही बाजूंना ठेवले. उजवा उघडा, अंगठा बटणावर. मी पहिल्यांदाच तो हात इतका वेळ उजेडात बघत होतो. तिनं गोळी सोडली. उजव्या हातानं दोन फटके मारले, चांगले मारले. तिसऱ्या वेळी गोळी उजवीकडं आली आणि तिनं बटण दाबायच्या आधीच सवयीनं कमर मारली. दिवे गेले. मशीन रुसलं.

ती अंधारलेल्या काचेकडं बघत उभी राहिली. सिंह, म्हणजे तुमचे चुलते, तिच्याकडं बघत होते.

"झालं बघून," ती म्हणाली. "काढ आता ती वायर."

"आक्का, चालू झालंय सगळं. पूर्ण झालंय."

"काढ म्हनते न्हवं. गावातल्या पोरास्नी काय सांगायचं? उजवा जळालाय."

दाजी, इथं मी तुमच्याशी चाललेला वाद हरलो. वायर जिथं तुम्ही कापली होती तिथंच पुन्हा कापली. टोकं दुमडली. काळी पट्टी आक्कानं तिच्या डाव्या हातानं तोडून दिली आणि मी गुंडाळत असताना वायर सरकू नये म्हणून उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि करंगळीनं घट्ट धरून ठेवली. दोरा तुमचाच वापरला. गाठी तुमच्यासारख्या एका अंतरावर आल्या नाहीत. कोणी सोडून बघितलंच, तर तुमचं काम कुठं संपतं आणि माझं कुठं सुरू होतं ते कळेल. असू दे.

मग वीज दिली. आक्का म्हणाली, "पहिला तू."

मी उजवा हात पाठीमागं घेतला. काही तरी धरायला हवं म्हणून सदऱ्याचं टोक धरलं. ती शेजारी उभी राहिली, पदराचं टोक धरून.

मी हरलो. मुद्दाम नाही.

रात्री जेवताना मी म्हणालो, आमटी जरा खारट झालीय. आक्कानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि अजून एक पळी वाढली.